पांढरोबाचे पन्नास शब्द

“किती शब्द बोलते पोरगी?” टोचणीबाईंनी विचारलं, आणि पांढरोबानं छाती पुढे काढून सांगितलं, “पन्नास! एखादा जास्तच, कमी नाही.”

खरं तर प्रश्न त्याला नव्हताच. तो होता त्याच्या धाकट्या बहिणीला, कारण मांडीवरची पोरगी तिची होती. पांढरोबा नुसता मामा, सोबत म्हणून आलेला. पण ज्याला विचारलं नाही त्यानं आधी उत्तर द्यायचं, ही त्याची जुनी खोड. बहीण “म्हणजे, तसं...” एवढं पुटपुटली आणि तिचं पुढचं वाक्य मागच्या रांगेतल्या बाळांच्या भोकाडात वाहून गेलं. टोचणीबाई म्हणजे गावातल्या समस्त बाळांना लस टोचणाऱ्या नर्सबाई. त्यांच्यासमोर अजून बाकभर दंड वाट बघत होते. त्या “छान हो” म्हणाल्या आणि सुई टोचून मोकळ्या झाल्या. पोरगी खणखणीत रडली. मग रडणं आवरून तिनं बाईंकडे रोखून पाहिलं, आणि स्वतःचं नाक दोन बोटांत धरून खाली ओढलं.

“बघा, हा एक्कावन्नावा,” पांढरोबा म्हणाला.

टोचणीबाई हसल्या. त्यांना वाटलं, काय गोड पोर आहे. नाक ओढण्याचा अर्थ त्यांना ठाऊक असता तर त्या हसल्या नसत्या, आणि पुढचं बरंच काही टळलं असतं.

पांढरोबा खोटं बोलला नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्यानं आदल्या संध्याकाळी बोटांवर मोजले होते ते शब्द. फक्त ते सगळे हातांचे होते.

त्याचं असं होतं. बसथांब्यामागच्या गल्लीत, सायकलवाल्याच्या दुकानाला लागून, त्याची पिठाची गिरणी होती. पुढच्या खोलीत मोटर, पट्टा आणि जातं. मागच्या दोन खोल्यांत बहीण, मेहुणा आणि भाची. वर माळ्यावर पांढरोबा आणि रिकामी पोती. लग्नाचं त्याचं राहून गेलं. कुणी विषय काढायला आलंच, तर नेमकी मोटर चालू असायची. सकाळी दुकानाची फळी निघाली की संध्याकाळपर्यंत घरघर. मागच्या खोलीतल्या फळीवरची भांडी त्या घरघरीत एकमेकांशी अखंड बोलत असत. माणसांना मात्र ती सोय नव्हती. ओरडून ओरडून घसा बसतो, आणि पीठ घशात जातं ते वेगळंच. म्हणून पांढरोबाच्या वडिलांच्या काळापासून त्या घरात हातांची बोली चालायची.

अंगठा आणि पहिलं बोट चोळलं की बारीक दळ. मूठ चोळली की जाड. पंजा आडवा धरला की बास, पिशवी भरली. कानाची पाळी धरली की पट्टा घसरतोय. तोंडापुढे पंख्यासारखा हात हलवला की मोटर तापली आहे, जरा दम खाऊ दे. कपाळावर दोन टिचक्या म्हणजे गिऱ्हाईक आलं आहे. आणि नाक खाली ओढणं म्हणजे गिऱ्हाईक आलं आहे खरं, पण कटकट्या आहे, लवकर वाटेला लाव.

पांढरोबाची बहीण या बोलीत वाढली. तिचा नवरा, टपाल कचेरीत दिवसभर पत्रं निवडणारा भला माणूस, मुळातच इतकं कमी बोलायचा की गल्लीत त्याला मौनीबुवा म्हणत. त्याला तर ही बोली म्हणजे सासरहून मिळालेली देणगीच वाटली. आणि भाची? ती एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. तिच्या वयाची पोरं ‘मम्मम’ आणि ‘भूभू’ करत होती, तेव्हा भिंगरी गव्हाच्या पोत्यावर बसून दोन बोटं चोळत गिऱ्हाइकाला विचारायची, बारीक की जाड? गिऱ्हाइकं लोटपोट हसायची. पांढरोबाच्या पिठानं माखलेल्या भुवया अभिमानानं वर जायच्या.

“माझ्या हाताखाली तयार होतेय,” तो सांगायचा.

भिंगरीला भूक लागली, पाणी हवं, झोप आली, मांजर दिसलं, सगळ्याला हात होते. काही वडिलोपार्जित, काही तिनं स्वतः काढलेले. ती हात करायची आणि मामा पळत जाऊन वस्तू हजर करायचा. कधीकधी तर हात व्हायच्या आधीच.

शंका आली ती पहिल्यांदा शिंपीणकाकूंना. काकू समोरच्या माडीवर बायकांचे कपडे शिवायच्या आणि त्यांच्या मशीनला जेवढी उसंत मिळायची तेवढीही त्यांच्या जिभेला मिळायची नाही. दळण टाकायला आल्या की अर्धा तास उभ्या.

“अरे, ही बोलत कशी नाही रे अजून?” एकदा त्या म्हणाल्या. “माझ्या बहिणीची नात हिच्याहून लहान, कावळ्यासारखी कलकलते.”

“तुम्ही बोलू द्याल तेव्हा बोलेल ना,” पांढरोबा म्हणाला.

“चेष्टा नको करूस.”

“काकू, तिचा बाप तरी कुठे बोलतो? बोलेल. उशिरा बोलणारी माणसं शहाणी निघतात म्हणतात.”

“तू लवकर बोलायला लागलास वाटतं,” काकू म्हणाल्या.

भिंगरीनं काकूंकडे पाहून नाक ओढलं. काकूंनी तिचा मुका घेतला. पांढरोबा पाठ वळवून पोत्यात तोंड घालून हसला. बहीण हसली नाही. तिच्या मनात तोच काटा कधीपासून सलत होता, पण मोठ्या भावानं पन्नास म्हणून सांगितलेलं. आता आपण एकही नाही म्हणायचं कसं? तिनं तो विषय गिळला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. या घरात पुढे मुसळ दाखवायला एक खरंखुरं कुसळच यावं लागलं.

भिंगरीला अडीच वर्षं होऊन गेली होती. एका संध्याकाळी मोटरीनं जळकट वास सोडला, खाडकन आवाज झाला आणि गिरणीबरोबर घरातले दिवेही गेले. पांढरोबा अंधारात फ्यूज चाचपत होता. बहीण मेणबत्ती शोधत होती. मेणबत्ती नेहमीप्रमाणे जिथे ठेवली होती तिथे सोडून दुसरीकडे कुठेतरी होती. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दिवेलागणीच्या वेळी त्या घरात चिडीचूप शांतता होती.

त्या शांततेत भिंगरी कण्हायला लागली.

“काय गं? काय झालं?” आईनं विचारलं.

कण्हण्याचं रडणं झालं. ती नक्की हात करत असणार, पण काळोखात हात दिसतात कुणाला? पांढरोबानं तिला उचलून घेतलं. पाणी दिलं, तिनं ढकललं. खाऊ दिला, तो फेकला. खांद्यावर थोपटलं तर तिनं किंकाळी फोडली. मौनीबुवा कचेरीतून आला तो चपला काढायचंही विसरला. भिंगरीनं मामाचा पंजा पकडला, तो उघडला, आणि त्यावर आपल्या बोटांनी काहीतरी करू लागली. चोळलं, टोचलं, ओढलं. अंधारात आपले हात कुणाला दिसत नाहीत हे तिनं ओळखलं होतं, म्हणून ती ते मामाच्या तळहातावर उमटवत होती. पुन्हा पुन्हा. आणि जी बोली आपण तिला शिकवली म्हणून पांढरोबा गावभर मिरवत होता, तिचं एक अक्षर त्याला लागेना.

“बोल गं बाई,” बहीण रडकुंडीला येऊन म्हणाली. “एकदा तरी तोंडानं बोल.”

मेणबत्ती सापडली तेव्हा दिसलं, फ्रॉकच्या गळपट्टीत मागच्या बाजूला गव्हाचं एक लांब कुसळ रुतलं होतं. मान लालबुंद झाली होती. कुसळ काढलं, पोरगी हुंदके देत झोपली. ‘टोचतंय’ हा एक शब्द असता तर सगळं दोन मिनिटांचं काम होतं.

मग बहीण म्हणाली, “दादा, तू त्यांना पन्नास सांगितलेस.”

एवढंच. पण मोटर बंद पडली होती आणि ते वाक्य झाकायला घरघर नव्हती. चारपाच दिवस त्या घरात जे काही पडलं, घासलं, उसासलं, ते सगळं स्वच्छ ऐकू आलं. नव्हता तो भिंगरीचा शब्द. पांढरोबा मुद्दाम तिच्यामागे बसून ऐकत राहिला. ती खेळत होती, हसत होती, मांजराला हातवारे करून रागावत होती. तोंडातून ‘ओ’ नाही की ‘ठो’ नाही.

टोचणीबाईंकडे जायचं ठरलं. प्रश्न या वेळीही बहिणीलाच होता, आणि या वेळी उत्तरही तिनंच दिलं. “एकही नाही.”

बाईंनी चष्म्यावरून पांढरोबाकडे पाहिलं. “पन्नास म्हणाला होतात ना हो मामा?”

“पन्नासच आहेत,” पांढरोबा आपल्या चपलांना उद्देशून म्हणाला. “फक्त... हातात आहेत.”

मग त्यानं प्रात्यक्षिक दाखवलं. बारीक, जाड, बास, पट्टा. नाकापाशी आल्यावर तो घुटमळला आणि सर्दी झाल्यासारखं करून पुढे गेला.

टोचणीबाईंनी डोक्याला हात लावला. “चूक माझीही आहे. एखादा शब्द म्हणून दाखव म्हणायला हवं होतं मी. अहो, दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडायला लागतं. ‘आई ये’, ‘पाणी दे’. हिचा एकही नाही, म्हणजे वाट बघत बसायची गोष्ट नाही ही.”

“पण उशिरा बोलणारी शहाणी...”

“निघतात ना, काही निघतात. काहींना मदत लागते. कोण कुठलं ते तपासल्यावर कळतं, वाट बघून नाही. आधी कान तपासा. मग बोलण्याच्या बाईंकडे. मोठ्या इस्पितळात दोन्ही सोयी एकाच मजल्यावर आहेत. उद्याच जा.”

मोठं इस्पितळ बसनं दोन तासांवर. कान तपासायची खोली म्हणजे एक छोटीशी पेटीच होती. भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं आणि आत इतकी शांतता की पांढरोबाला स्वतःचं पोट ऐकू आलं. भिंगरी आईच्या मांडीवर, मामा शेजारच्या खुर्चीत. कुठूनतरी बारीक आवाज यायचा. भिंगरीनं त्या बाजूला मान वळवली की तिथे एक खेळण्यातला माकडोबा दिव्यासकट झांजा वाजवायचा. भिंगरीला हा प्रकार फारच आवडला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पांढरोबा तिच्या मानेवर नजर लावून बसला होता. प्रत्येक वळणाला त्याचा एकेक श्वास सुटत होता.

काचेपलीकडून तपासणारी मुलगी आत आली. “कान उत्तम आहेत.”

बहिणीनं डोळे पुसले.

“पोरीचे,” ती मुलगी म्हणाली. “मामांचं विचाराल, तर शेवटचे कितीतरी आवाज पोरीनं ऐकले आणि हे ढिम्म बसले होते. मामा, तुमचे कान कधी तपासले?”

“आज पोरीचं बघू,” पांढरोबा म्हणाला. “माझं काय, थंड होऊ दे.” आणि नकळत त्याचा हात तोंडापुढे पंख्यासारखा हलला.

बोलण्याच्या बाईंची वेळ मिळाली पुढच्या महिन्यातली. त्या महिन्यात पांढरोबानं आपल्या अकलेनं उपचार सुरू केले. हातांनी घात केला, तेव्हा हात बंद! घरात फर्मान सुटलं की कुणी कुणाला हात करायचा नाही. स्वतः तो दोन्ही हात खिशात कोंबून गिरणीत उभा राहू लागला. दुरुस्त होऊन आलेली मोटर घरघरत होती, पट्टा घसरत होता, आणि मालक तोंडानं “पट्टा! पट्टा!” करत बोंबलत होता. कुणाला काही ऐकू जात नव्हतं. खिशांत पिठाचा चिखल झाला. शिंपीणकाकूंचं बारीक सांगितलेलं दळण जाड आलं आणि त्यांनी त्याचा जो उद्धार केला तो मात्र सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

आणि भिंगरीनं हात केला की मामा आता तोंड फिरवायचा. “बोल. बोललीस तर मिळेल.” ती दुसऱ्यांदा हात करायची, तिसऱ्यांदा करायची. मग तिनं करायचंच सोडलं. पोत्यावर चढून बसायची आणि भिंतीकडे बघत राहायची. गिऱ्हाइकांना बारीक-जाड विचारणंही बंद. भिंगरी पहिल्यांदाच एका जागी ठरली होती, आणि ते बघवत नव्हतं.

बोलण्याच्या बाईंना पांढरोबानं पहिल्याच भेटीत वाचाबाई करून टाकलं. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, आणि मोठ्या माणसांशी बोलतानाही जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या. त्यांनी भिंगरीसमोर एक डबा ठेवला, झाकण घट्ट लावलेला, आत रंगीत मणी. भिंगरीनं डबा हलवला. बाईंकडे पाहिलं. हात अर्धा उचलला, मामाकडे पाहिलं आणि खाली घेतला.

“हे काय?” वाचाबाई म्हणाल्या. “हात का खाली घेतला तिनं?”

पांढरोबानं खाली मान घालून सगळं सांगितलं. पन्नास शब्दांपासून खिशांपर्यंत. “हातांनीच वाटोळं झालं ना बाई? आणि गिरणीनं. म्हणजे माझ्यानंच.”

“असं एकच कारण नसतं हो. पुष्कळदा सापडतही नाही. पण हातांनी काही बिघडवलेलं नाही. उलट हिचे हात बघून मी निम्मी निश्चिंत झाले. हिला कळतंय, हिला सांगायचंय, माणसांशी बोलायची हौस आहे. हात म्हणजे शब्दांपर्यंत जायची तिची एकुलती एक पायवाट होती, मामा. तीही तुम्ही नांगरून टाकलीत.”

पांढरोबानं हळूच खिशातून हात काढले.

“हात चालू द्या,” बाई म्हणाल्या. “फक्त प्रत्येक हातावर एक शब्द ठेवा. ती हात करेल, तुम्ही हातही करा आणि बोला. ‘पाणी. पाणी हवं.’ तिच्या उंचीला बसून, तोंड दिसेल असं. आणि मग थांबा. वस्तू दाबून ठेवायची नाही, ‘बोल बोल’ करून मागे लागायचं नाही; नुसतं थोडं थांबायचं, जागा द्यायची. शब्द आला तर आला, नाही तर देऊन टाकायचं. तुम्ही सगळे इतके तत्पर आहात, की तिला शब्दाची गरजच पडत नाही. आणि रोज काही वेळ ती गिरणी बंद. त्या गोंगाटात शब्द तिच्यापर्यंत पोचणार कसा?”

“किती वेळ?”

“तासभर तरी. झोपाळलेला नाही, ताजा. सकाळचा.”

सकाळचा तास म्हणजे दळणाचा खरा तास. पांढरोबानं मनात गिऱ्हाइकं मोजली आणि विचारलं, “बोलेल ना ती?”

“वचन नाही देत. पण लवकर आलात, ते बरं झालं. आता तुम्ही मला एक वचन द्या. कानाच्या खोलीतून तुमची चुगली आली आहे माझ्याकडे.”

“पोरगी एक वाक्य बोलू दे,” पांढरोबा म्हणाला. “दुसऱ्या दिवशी माझे दोन्ही कान आणून तुमच्या टेबलावर ठेवतो.”

मग सुरू झाला तो सकाळचा बंद तास. गल्लीत त्याची बरीच थट्टा झाली. “पांढरोबा गप्पा मारायला गिरणी बंद ठेवतो,” असं सायकलवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. काही गिऱ्हाइकं पलीकडच्या गिरणीत गेली, काही पाय आपटून परत आली. शिंपीणकाकू मात्र तासाच्या आधीच येऊन उंबऱ्यावर बसायच्या आणि, हे सगळ्यात मोठं नवल, गप्प बसायच्या. वाचाबाईंनी सांगितल्याचं कळल्यावर त्यांनी तेवढा तास जीभ बांधून घेतली होती. एवढा त्याग त्या गल्लीत त्याआधी कुणी केला नसेल.

घरात मौनीबुवाचं रूपांतर झालं. ज्या माणसानं सासुरवाडीशी वर्षानुवर्षं ‘हं’वर निभावलं होतं, तो आता लेकीसमोर उकिडवा बसून आपल्या आयुष्याचं धावतं वर्णन करू लागला. “मोजा. बाबांचा मोजा. पायात घालतो. हा पाय. मोजा फाटला.” स्वयंपाकघरातून बायको ओरडायची, “तो मोजा फाटलाय हे मला कधी सांगितलं नाहीत!” तिला नवऱ्याच्या पोटात काय काय आहे ते पहिल्यांदाच कळत होतं. भिंगरी बापाच्या तोंडाकडे जादूचा खेळ बघावा तशी बघत बसायची.

मामाचा खेळ वेगळा. मधे एक लहान डबा, मामाच्या हातात मापटं. मामा गहू ओतायचा, डबा भरला की भिंगरीनं पंजा आडवा करायचा. मामाही पंजा आडवा करायचा आणि म्हणायचा, “बास!” मग ओतणं बंद. डबा रिकामा, पुन्हा पहिल्यापासून. दिवसामागून दिवस तोच डबा, तेच गहू, तोच बास. पांढरोबाला स्वप्नातही बास ऐकू यायला लागलं. बसनं वाचाबाईंकडे जायचं, नवीन खेळ घेऊन परत यायचं. पण भिंगरीला हाच हवा.

बहीण भावाशी कामापुरतं बोलत होती. त्या पन्नासाची अढी अजून मधे होती.

आणि मग एका सकाळी, पावसाळा सरला होता आणि फळीच्या फटीतून ऊन थेट डब्यावर पडलं होतं, पांढरोबा ओतत असताना शिंपीणकाकूंना जोरदार शिंक आली. पांढरोबानं मान वळवून तिकडे पाहिलं आणि हात तसाच वाकडा राहिला. डबा भरला. गहू काठावरून वाहू लागले. भिंगरीनं पंजा आडवा केला. मामाचं लक्ष नाही. तिनं पंजा आणखी पुढे केला. गहू तिच्या मांडीवर, फरशीवर, दारापर्यंत. आणि मग तिनं पाय आपटून, आयुष्यभर कुठल्याशा कोठीत कोंडून ठेवल्यासारखा, एक आवाज बाहेर फेकला.

“बाऽ!”

पांढरोबाचं मापटं हातातून पडलं. ‘स’ नव्हता त्यात. ‘स’ला पुढे आणखी काही वर्षं लागली. पण पंजा आडवा होता आणि डोळ्यांत राग होता. म्हणजे अर्थासकट आला होता.

“बास,” पांढरोबा म्हणाला. त्याचा स्वतःचाच ‘स’ नीट उमटला नाही. “बास गं, बास. थांबलो.”

काकू उंबऱ्यावर तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. अजून तास संपला नव्हता म्हणून त्या रडतही आवाज न करता होत्या. आतून बहीण धावत आली. फरशीभर गहू बघून तिच्या तोंडी आलं, “दादा, हे काय करून ठेवलंस!” मग लेकीनं तिच्याकडे वळून पुन्हा पंजा आडवा केला आणि बजावलं, “बाऽ!”

बहीण तिथेच गव्हात बसली. थोड्या वेळानं तिनं भावाच्या दंडावरचं पीठ झटकलं, उगाचच. ते पुन्हा बसणारच होतं. अढी अशी सुटली.

त्यानंतर शब्दांची रांग लागली असं सांगायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. ‘बा’नंतर बरेच आठवडे दुसरा शब्द नव्हता. मग ‘पापा’ आला तो पाण्यासाठी, ‘मा’ आला तो मामासाठी की मांजरासाठी यावर घरात वाद झाला. एक शब्द यायचा, दोन रुसायचे. वाचाबाईंकडच्या फेऱ्या शाळेत जाईपर्यंत चालल्या आणि शाळेतही ‘र’ आणि ‘स’वरून पोरांनी तिला चिडवलंच. पण आधार होता तो हातांचा. शब्द अडला की हात पुढे यायचा आणि शब्दाला बोट धरून बाहेर काढायचा.

पहिलं पूर्ण वाक्य मात्र पांढरोबाला महागात पडलं. शिंपीणकाकू दळण घेऊन आल्या होत्या. भिंगरीनं सवयीनं नाक ओढलं. काकूंनी लाडानं विचारलं, “काय गं हे नाक नाक? काय म्हणायचंय माझ्या राणीला?”

भिंगरी आता सांगू शकत होती. तिनं सांगितलं.

“काकू कटकट आली.”

मोटर नेमकी त्या क्षणी बंद होती. पांढरोबानं पोत्याआड जायचा प्रयत्न केला, पण पोती रिकामी होती. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्या एवढ्या हसल्या की त्यांना उंबऱ्यावर बसवून पाणी द्यावं लागलं. “तीन शब्द जोडले रे!” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “माझ्यावरून का होईना, तीन जोडले! आणि तू, माझं पुढचं दळण मी त्या पलीकडच्याला देणार.” दिलं नाही कधी.

आता ती गिरणी नाही. लोक पीठ पिशवीबंद आणतात. मोटर भंगारात गेली, जात्याचा दगड दारापुढे पायरी म्हणून आहे. मौनीबुवा निवृत्त होऊन इतका बोलतो, की बायको त्याला बाजारात पाठवून घरात जरा शांतता करून घेते. शिंपीणकाकूंचं मशीन त्यांच्या भाचीकडे गेलं. पांढरोबाच्या भुवया अजून पांढऱ्याच आहेत, फक्त आता त्या झटकल्या तरी तशाच राहतात. संध्याकाळी तो त्या पायरीवर बसतो. गरम पिठाचा वास तिथे अजून येतो असं त्याचं म्हणणं आहे. बाकी कुणाला येत नाही. भांडी फळीवर गप्प असतात, आणि त्याला ती घरघर आठवते, जिच्यापायी एवढं सगळं घडलं तीच, आणि तिच्यावाचून करमत नाही.

भिंगरी दुसऱ्या शहरात नोकरी करते. दर रविवारी ती मामाला फोन लावते. चेहरा दिसतो तसला फोन, कारण साध्या फोनवर मामाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तो अंदाजानं ठोकतो.

“मामा, जेवलास का?”

“हो, ऊन आहे इकडे.”

“जेव-लास का?”

“मांजर बरं आहे.”

मग ती हात करते आणि सगळं सुरळीत चालतं. तिला अजून सगळे हात येतात. शेवटी, न चुकता, ती दोन्ही कानांना बोटं लावते आणि अंगठ्यानं बस पकडायची खूण करते. वाचाबाई केव्हाच निवृत्त झाल्या, पण त्यांनीही निरोप ठेवला आहे: पोरीची लाखो वाक्यं बोलून झाली, मामांचे कान अजून टेबलावर आलेले नाहीत.

“मामा, वचन दिलं होतंस,” भिंगरी स्वच्छ, खणखणीत म्हणते, ‘स’ अगदी सगळा उच्चारून. “या महिन्यात जायचंस. मी घेऊन जाते.”

पांढरोबा पडद्यावर तिच्या तोंडाकडे नीट बघतो. तिला वाटतं, ऐकतो आहे. मग तो हसतो, आणि तोंडापुढे पंख्यासारखा हात हलवतो. मोटर तापली आहे. जरा थंड होऊ दे.